आइसलंडचा रिंग रोड एकट्यानं: ड्रायव्हर आपण, कंडक्टरही आपणच

एसटीत ड्रायव्हर फक्त गाडी चालवतो. कुठे थांबायचं, कोण चढलं, कोण उतरलं, पैसे किती झाले, गाडी सोडायची कधी, हे सगळं कंडक्टर पाहतो. डबल बेल वाजल्याशिवाय गाडी हलत नाही. आपण चौघं फिरायला निघतो तेव्हा शेजारच्या सीटवरचा माणूस नकळत हेच करत असतो. नकाशा बघतो, पाण्याची बाटली उघडून देतो आणि ‘अरे, मेंढी!’ म्हणून ओरडतो. एकट्यानं निघालं की ही सीट रिकामी असते.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी आइसलंडचा रिंग रोड एकटीनं केला. लोकांनी विचारलं, ‘भीती नाही वाटली?’ माणसांची अजिबात वाटली नाही. जगातल्या सर्वांत शांत देशांच्या यादीत हा देश 2008पासून पहिला आहे. भीती वाटली ती वाऱ्याची, आणि रिकाम्या सीटची. म्हणून खालची सगळी तयारी एकाच हिशेबानं सांगते आहे: कंडक्टरचं काम गाडी सुरू होण्याआधी कसं उरकायचं.

आधी महिना ठरवा

रिंग रोड म्हणजे रस्ता क्रमांक 1. बेटाला वळसा घालणारा हा रस्ता साधारण 1,320 किलोमीटरचा आहे. आइसलंडचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम एक तृतीयांश आणि लोकसंख्या चार लाखांच्या आत. त्यातलीही बहुतेक माणसं राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास. म्हणजे उरलेल्या बेटावर रस्ता, वारा, मेंढ्या आणि तुम्ही.

पहिल्यांदा आणि एकट्यानं जायचं असेल तर मेअखेर ते सप्टेंबरचा मध्य हाच काळ धरा. जूनमध्ये रात्र होतच नाही. रेक्याविकला 21 जूनच्या सुमाराला सूर्य मध्यरात्री बुडतो आणि तीनच्या आसपास पुन्हा उगवतो. हे ऐकायला छान वाटतं, पण एकट्या ड्रायव्हरसाठी ते धोक्याचंही आहे. उजेड आहे म्हणून माणूस चालवत राहतो आणि अंगात थकवा किती साठलाय हे कळत नाही. सप्टेंबरमध्ये दिवस तेरा-चौदा तासांचा असतो, रात्री उत्तरेचा प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसण्याची शक्यता असते आणि गर्दी ओसरलेली असते. डिसेंबरमध्ये उजेड चारेक तासांचा आणि रस्त्यावर बर्फाची काच झालेली. बर्फावर कधीच गाडी चालवली नसेल तर ते दिवस टूरच्या बसला द्या.

दिवस किती? ‘सहा दिवसांत अख्खा रिंग रोड’ अशा जाहिराती दिसतील. दोघं आलटून पालटून चालवणार असाल तर जमेल. एकट्याला दहा दिवस लागतात. रोज दोन-अडीचशे किलोमीटरपेक्षा जास्त चालवायचं नाही, आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा. तो मोकळा दिवस कुठे वापरायचा हे तुम्ही ठरवत नाही, हवामान ठरवतं.

कागदपत्रं

आइसलंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाप्रमाणे निर्णयाला पंधरा दिवस, अडकलं तर पंचेचाळीस. उन्हाळ्यातल्या अपॉइंटमेंटची रांग लांब असते, म्हणून तीन महिने आधी हलायला लागा. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा. एकट्यानं गाडीनं फिरणाऱ्याचा अर्ज वाचणाऱ्याला प्रश्न पडतातच, म्हणून कोणत्या रात्री कुठे मुक्काम, दोन मुक्कामांत किती किलोमीटर आणि गाडीचं आगाऊ बुकिंग असा एक पानी तक्ता जोडा. मुक्काम रद्द करता येणारेच घ्या. ते व्हिसासाठी सोयीचं आहेच, वाऱ्यासाठीही आहे.

भारतातून केफ्लाविकला, म्हणजे रेक्याविकजवळच्या विमानतळाला, थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, कोपनहेगन, हेलसिंकी असा शेंगेनमधलाच टप्पा घेतला तर इमिग्रेशन तिथेच उरकतं. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम वेगळे आहेत. आधी ते तपासा आणि मगच पैसे भरा.

लायसन्सचं काम सोपं आहे. आरटीओकडे परिवहनच्या संकेतस्थळावरून आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा अर्ज करायचा. फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स सोबत हवंच, नुसता परवाना दाखवून गाडी मिळत नाही. गाडी साधारण विशीनंतर भाड्यानं मिळते, मोठ्या फोर बाय फोरसाठी तेवीस वर्षं पूर्ण लागतात. डिपॉझिटसाठी स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड हवं. आणि त्याचा पिन पाठ हवा, कारण पेट्रोल पंपावर माणूस नसतो.

गाडी आणि विमा

ऑटोमॅटिक घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ देत. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायची, स्टिअरिंग डावीकडे. त्यात उजव्या हातानं गिअर शोधत बसायचं नाही. उन्हाळ्यात फक्त रिंग रोड करायचा तर साधी टू-व्हील ड्राइव्ह पुरते, 2019पासून हा रस्ता संपूर्ण डांबरी आहे. ज्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ आहे ते डोंगराळ रस्ते फक्त फोर बाय फोरसाठी. तिथे पूल नसतो, नदीतूनच गाडी घालावी लागते. माझं स्पष्ट मत: एकट्यानं, पहिल्या खेपेला, एफ रस्त्यावर जाऊ नका. नदीत गाडी बंद पडली तर धक्का मारायला कोणी नाही, आणि पाण्यानं झालेलं नुकसान विम्यात बसत नाही.

विम्याच्या पानावर चार-पाच प्रकार असतात. खडी उडून काच फुटण्याचा विमा घ्याच. दक्षिण किनाऱ्यावरून जाणार असाल तर वाळू आणि राखेचाही घ्या. तिथे वादळात उडणारी वाळू गाडीचा रंग पॉलिश पेपरसारखा खरवडून काढते. मात्र वाऱ्यानं दार उलटं फिरून बिजागरं मोडली तर तो खर्च बहुतेक विम्यांत येत नाही आणि बिल भरभक्कम असतं. त्यामुळे सवय लावून घ्या: पार्क करताना गाडीचं नाक वाऱ्याकडे, दार उघडताना एक हात हँडलवर आणि दुसरा दाराच्या कडेवर. माझ्या अंगात ही सवय इतकी मुरली की ठाण्याला परतल्यावर रिक्षातून उतरतानाही मी दार शोधत होते.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, चाकांचा आणि काचेचा व्हिडिओ काढा. काउंटरवरचा माणूस घाई करेल. करू द्या.

पहिला तास

रात्रभर विमानात बसून आल्यावर लगेच दक्षिण किनाऱ्यावरच्या विक गावाकडे निघू नका. पहिली रात्र केफ्लाविक किंवा रेक्याविकला काढा. विमानतळ ते शहर पन्नासेक किलोमीटर, सरळ रस्ता, सरावाला उत्तम. मारुती-ह्युंदाईवर हात बसलेल्यांची एक गंमत होते: तिथे इंडिकेटर डाव्या हाताला असतो, त्यामुळे प्रत्येक वळणावर आपण वायपर चालू करतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे थांबतं.

वेग गावात 50, खडीच्या रस्त्यावर 80, डांबरी रस्त्यावर 90. कॅमेरे आहेत आणि दंड जबर आहे. हेडलाइट दिवसाही चालूच ठेवायचे. दोन लेनच्या गोल चौकात आतल्या लेनला आधी बाहेर पडायचा हक्क असतो, आपल्याला हे उलटं वाटतं. रस्ता सोडून माळावर गाडी घालणं बेकायदा आहे. तिथलं शेवाळ एकदा चाकाखाली गेलं की भरून यायला दशकं लागतात.

तीन पाट्या पाठ करा. ‘आइनब्रेइद ब्रू’ म्हणजे एकपदरी पूल. जो पुलाच्या जवळ आधी पोचला तो आधी जातो, पण समोरचा थांबतोय याची खात्री होईपर्यंत आपण थांबायचं. ‘ब्लिंदहाइद’ म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ, तिथे उजवी कड धरायची. ‘माल्बिक एंदार’ म्हणजे डांबर संपलं. पाटी दिसताच वेग कमी करा, खडीवर गेल्यावर ब्रेक मारला तर गाडी घसरते.

गावांची नावं बघून घाबरायला होतं, पण आपल्याकडे घाट, वाडी, खिंड असते तशीच ती बनलेली असतात. फॉस म्हणजे धबधबा, योकुल म्हणजे हिमनदी, विक म्हणजे छोटी खाडी, हेडी म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार. एवढं कळलं की पाटी वाचूनच पुढे काय आहे ते समजतं. मात्र नकाशात नाव घालताना एकेक अक्षर तपासा. 2016मध्ये एका अमेरिकन पर्यटकाच्या जीपीएसमध्ये रेक्याविकच्या रस्त्याच्या नावात एक ‘आर’ जास्त पडला आणि तो थेट उत्तरेच्या सिग्लुफ्योर्दुर गावात जाऊन पोचला. शेजारी कोणी असतं तर कदाचित म्हणालं असतं, ‘अरे, फार वेळ झाला की रे!’

रोज सकाळची डबल बेल

हा भाग घाईनं वाचू नका.

आइसलंडमध्ये वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये सांगतात. चारनं गुणून थोडं कमी केलं की ताशी किलोमीटर मिळतात. 10 मीटरपर्यंत काही वाटत नाही. 15 म्हणजे ताशी 54 किलोमीटर. छोटी गाडी हलू लागते. 20 मीटर म्हणजे ताशी 72 किलोमीटर, इथे मी थांबते. आणि सरासरीवर जाऊ नका, झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघा. डोंगर संपून गाडी मोकळ्यावर आली की तो झोत बाजूनं धडकतो. हातातलं स्टिअरिंग कोणीतरी ओढल्यासारखं वाटतं.

रोज सकाळी चहा होईपर्यंत तीन संकेतस्थळं उघडायची. हवामानासाठी वेदुर डॉट आयएस. तिथे पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे असतात. रस्त्यांसाठी उमफेर्दिन डॉट आयएस (umferdin.is). कोणता तुकडा बंद, कुठे घसरडं, कुठे किती वारा, हे रंगांत दिसतं. आणि सेफट्रॅवल डॉट आयएस. तिथे आपला प्रवासाचा बेत नोंदवता येतो. एकट्यानं फिरणाऱ्यानं तो नोंदवलाच पाहिजे. शिवाय घरी एका माणसाला रोज ‘पोचले’ असा मेसेज. किती वाजेपर्यंत आला नाही तर काय करायचं, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर आई रात्रभर जागी.

तातडीचा नंबर 112. त्याच नावाचं अॅपही आहे, बटण दाबलं की तुमचं ठिकाण कळतं. संकटात धावून येणारी बचाव पथकं बहुतांश स्वयंसेवकांची आहेत. आपापली नोकरी सोडून ते येतात, म्हणून बंद रस्त्याचा अडथळा ओलांडून जाणं हा नुसता धोका नाही, निर्लज्जपणाही आहे.

तिन्ही ठिकाणी हिरवं दिसलं तर डबल बेल. एक जरी लाल असेल तर गाडी डेपोतच. माझा मोकळा दिवस असाच विक गावात गेला: बाहेर पाऊस आडवा पडत होता आणि मी खिडकीत बसून मॅगी खाल्ली. रिंग रोडवरचा माझा सर्वांत शहाणपणाचा दिवस तोच.

रस्ता

मी दक्षिणेकडून, म्हणजे घड्याळाच्या उलट्या दिशेनं निघाले. दिशा आधी ठरवून ठेवू नका, निघायच्या आदल्या रात्री हवामान जिकडे बरं तिकडे वळा.

रेक्याविक ते विक साधारण 187 किलोमीटर. थिंगवेलिर, गेयसिर, गुलफॉस ही ‘गोल्डन सर्कल’ नावाची फेरी वेगळ्या दिवशी करा, त्यातच कोंबू नका. वाटेत सेल्यालँड्सफॉस लागतो, साठेक मीटरचा, त्याच्या मागून चालत जाता येतं. रेनकोट असेल तरच जा. भिजल्या कपड्यांनी पुढे एकट्यानं गाडी चालवणं म्हणजे काच धुरकट आणि दात वाजतायत. स्कोगाफॉस तितकाच उंच, पण पडद्यासारखा रुंद.

विकजवळचा रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा. इथे माणसं मेली आहेत. समुद्र शांत दिसतो, सात-आठ लाटा गुडघ्याएवढ्या येतात आणि मग एक लाट एकदम वरपर्यंत येऊन पायाखालची वाळूच काढून नेते. वाटेवर दिव्यांची खूण आहे. लाल असेल तर खाली उतरायचं नाही. फोटोसाठी समुद्राकडे पाठ करू नका. सोबत कोणी असेल तर तो हाक तरी मारेल.

विकच्या पुढे गाव विरळ होत जातं. एल्डह्रोइन हे शेवाळानं झाकलेलं लाव्हाचं मैदान लागतं. 1783च्या लाकी उद्रेकाचा हा लाव्हा. त्यानंतरच्या दुष्काळात देशातली जवळजवळ पाचवा हिस्सा माणसं गेली. मग स्केइदारारसांदुर, काळ्या वाळूचा अफाट पट्टा. इथल्या नद्यांवर पूल झाले आणि 1974मध्ये रिंग रोड पहिल्यांदा जोडला गेला. त्याआधी पूर्वेच्या ह्योप्न गावच्या माणसाला राजधानीला जायचं तर उत्तरेकडून अख्खं बेट फिरावं लागे. 1996मध्ये हिमनदीखाली ज्वालामुखी फुटला आणि बर्फ वितळून आलेल्या पुरानं पूल वाहून नेले. त्यातले वाकलेले लोखंडी गर्डर रस्त्याकडेला ठेवले आहेत. तिथे दहा मिनिटं थांबा. वाऱ्याचा इशारा असेल तर याच पट्ट्यात वाळूची वादळं होतात, विसरू नका.

स्काफ्ताफेलला गाडी लावून स्वार्तिफॉसपर्यंत चाला, एका बाजूनं दीड-दोन किलोमीटर. धबधब्यामागे बेसॉल्टचे षट्कोनी खांब ऑर्गनच्या नळ्यांसारखे लोंबतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर लगेच ओळख पटेल. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि असे खांब तयार होतात. आपला दख्खनचा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आइसलंडचा सर्वांत जुना दगड दीड-पावणेदोन कोटींचा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही ते यामुळेच. झाडं काढून टाकलेला आणि अजून गरम असलेला सह्याद्री!

पुढे योकुल्सारलोन. हिमनदी मागे सरकल्यानं 1930च्या दशकापासून तयार होत गेलेलं सरोवर, 240 मीटरहून खोल. सुटलेले हिमखंड पुलाखालून समुद्रात जातात आणि लाटा त्यांचे तुकडे काळ्या वाळूवर परत आणून टाकतात. इथे दोन तास धरा. आणि बर्फाच्या तुकड्यावर चढू नका, तो उलटतो.

ह्योप्नपासून पूर्वेच्या फ्योर्डांचा, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाड्यांचा रस्ता सुरू होतो, एगिल्सस्टाडिरपर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर. समोरच्या काठावरचं घर हाताच्या अंतरावर दिसतं, तिथे पोचायला तासभर लागतो. कोकणात पूल होण्याआधी खाड्यांचं हेच होतं. इथे जीपीएस तुम्हाला ओखसी नावाच्या 939 क्रमांकाच्या घाटाचा शॉर्टकट दाखवेल. खडीचा, तीव्र चढाचा आणि बहुतेक वेळा धुक्यातला. वाचणारे किलोमीटर विसरा आणि किनाऱ्यानं जा.

एगिल्सस्टाडिरला टाकी भरा, पुढचं पठार ओसाड आहे. डेट्टिफॉसला पश्चिमेकडच्या 862 क्रमांकाच्या डांबरी रस्त्यानं जा. 100 मीटर रुंद, 44 मीटर उंच, राखाडी पाणी. आवाज आधी छातीत कळतो. मीवाट्न सरोवराच्या नावातलं ‘मी’ म्हणजे चिलटं. नाव उगाच पडलेलं नाही, उन्हाळ्यात डोक्यावर जाळी लागते. ह्वेरिरच्या उकळत्या चिखलाजवळ दोरीच्या आतच चाला. गोडाफॉस रस्त्याला लागूनच. साधारण 1000 साली देशानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा थोरगेर नावाच्या पुढाऱ्यानं आपल्या जुन्या देवांच्या मूर्ती इथे सोडल्या, अशी कथा आहे. आपण विसर्जन करणारी माणसं. मला ती कथा जरा वेगळीच लागली.

आकुरेरीच्या आधीच्या बोगद्याला टोल आहे आणि टोलनाका नाही, पैसे ऑनलाइन भरायचे. विसरलात तर गाडीवाल्यांकडून वाढीव बिल येतं. आकुरेरी ते रेक्याविक 388 किलोमीटर. लोक एका दिवसात करतात, तुम्ही मध्ये ह्वाम्सतांगीला थांबा. किनाऱ्यावर सील दिसतात.

पोट, पेट्रोल, पाणी

बाहेर जेवणं महाग आहे, त्याची तक्रार करून उपयोग नाही. ‘बोनुस’ आणि ‘क्रोनान’ या दुकानांतून ब्रेड, चीज, फळं आणि स्कीर घ्या. स्कीर म्हणजे चक्क्याचा चुलतभाऊ. त्यात साखर आणि वेलची घातली की झालं श्रीखंड. घरून मेतकूट, भाजणी, उपम्याची पाकिटं, थेपले न्या. कच्चं मांस आणि कच्चं दूध न्यायला बंदी आहे. स्वयंपाकघर असलेली गेस्टहाउस निवडा. नळाचं थंड पाणी थेट प्या. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, घाबरू नका.

पेट्रोल म्हणजे ‘बेन्सिन’. टाकी अर्ध्यावर आली की भरायची. कार्ड चाललं नाही तर दुसरं जवळ हवं, म्हणून दोन बँकांची दोन कार्डं, आणि ती दोन वेगळ्या खिशांत.

बहुतेक गावात गरम पाण्याचा सार्वजनिक तलाव असतो. दिवसभराच्या ड्रायव्हिंगनं आखडलेल्या पाठीला याच्याइतकं औषध नाही. फक्त एक: पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचा पोशाख न घालता साबण लावून अंघोळ करावीच लागते, सगळ्यांसमोर. पहिल्या दिवशी मी पंधरा मिनिटं लॉकरशी खुडबुड करत राहिले. मग एक आजी आली, कपडे काढले, अंघोळ केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. कोणी बघत नाही हे तेव्हा कळलं.

फोटोसाठी रस्त्यातच गाडी थांबवणं हा पर्यटकांचा सर्वांत वाईट गुन्हा. डांबराला कड जवळजवळ नसतेच. निळी पार्किंगची पाटी आली तरच थांबा, आणि दर तासाला अशी एक पाटी आली की खाली उतराच, फोटो असो वा नसो. मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर गाडी थांबवा. कोकरू आईकडे पळणारच.

शेवटचा दिवस

सुटलो असं वाटतं तिथेच वारा गाठतो. बोर्गार्नेसजवळचा हाफ्नारफ्याल डोंगर आणि रेक्याविकच्या अलीकडचं क्यालार्नेस या दोन जागा झोतांसाठी बदनाम आहेत. मधला ह्वालफ्योर्दुरचा बोगदा समुद्रसपाटीखाली 165 मीटरपर्यंत उतरतो, पूर्वी तिथे टोल होता, आता नाही.

गाडी परत करायच्या आदल्या संध्याकाळी टोल आणि पार्किंगची ऑनलाइन बिलं तपासा. बऱ्याच ठिकाणी कॅमेरा नंबर टिपतो आणि अॅपवर पैसे भरायचे असतात. टाकी भरा, पंपावरच्या नळीनं गाडी धुऊन घ्या, म्हणजे ओरखडे आहेत की चिखल याचा वाद उरत नाही. मग पहिल्या दिवसासारखाच चारही बाजूंचा व्हिडिओ. सीटखाली हात घाला. माझ्या गाडीत तिथे अर्धा किलो काळी वाळू, एक मोजा आणि थेपल्याचं रिकामं पाकीट निघालं.